वाचकांचे प्रश्न : आल्सासची रीसलिंग आणि खानदेशचा उन्हाळा

फ्रान्सच्या आल्सास प्रांतातील त्रिंबाख घराणे १६२६ पासून वाइनच्या व्यवसायात आहे. त्यांच्या ‘क्लो सँत यून’ या पांढऱ्या वाइनची ओळख आम्ही मागील अंकात करून दिली होती. त्यानंतर जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतून पत्रे आली. काहींच्या घरी अशी बाटली नातेवाइकांकडून आली आहे, काहींना ती विकत घ्यावीशी वाटते, तर एका द्राक्षबागायतदारांना ही वाइन ज्या रीसलिंग जातीच्या द्राक्षांपासून होते ती जात आपल्या शेतात लावता येईल का, हे जाणून घ्यायचे आहे. मागील अंक ज्यांच्या पाहण्यात आला नसेल, त्यांच्यासाठी आवश्यक ती माहिती उत्तरांच्या ओघात पुन्हा दिली आहे.

प्रश्न : माझा मुलगा स्ट्रासबर्ग येथे नोकरीस असून दिवाळीला घरी येताना त्याने ‘क्लो सँत यून’ची एक बाटली आणली. तिची किंमत ऐकून घरातील सर्व जण अवाक झाले. द्राक्षाच्या रसापासून झालेल्या पेयाला इतके पैसे का पडावेत? त्यात वाइनची किंमत किती आणि जुन्या नावाची किती?
— एक निवृत्त शिक्षक, जळगाव

उत्तर : या प्रश्नाचे उत्तर जमिनीपासून सुरू करावे लागेल. क्लो सँत यून हा हुनाव्हीर गावाजवळचा लहानसा मळा आहे. त्याचे क्षेत्र सुमारे १.६७ हेक्टर, म्हणजे आपल्या मापात चार एकर पाच गुंठ्यांच्या आसपास भरते. रोझाकेर नावाच्या नामांकित उतारावरील चुनखडीच्या जमिनीत तो वसलेला आहे आणि त्यात रीसलिंग ही एकच जात आहे. या मळ्यातून वर्षाला साधारण ८,००० ते ९,००० बाटल्या निघतात. एका बाटलीत ७५० मिलिलिटर वाइन असते हे धरून उलटा हिशेब केला, तर एकरी उत्पादन जेमतेम दोन टन द्राक्षांचे पडते. नाशिककडे खाण्याच्या द्राक्षांचे एकरी आठ-दहा टन पीक घेणाऱ्या बागायतदाराला हा आकडा तोट्याचा वाटेल. परंतु वेलीवर घड कमी ठेवले म्हणजे प्रत्येक मण्यात साखर, आम्ल आणि सुगंध यांचा अंश वाढतो, आणि येथे सारा व्यवहार त्या अंशाचा आहे.

दुसरे कारण आम्लाचे आहे. तांबड्या वाइनला सालीतून आणि बियांतून येणाऱ्या तुरट द्रव्यांचा आधार असतो. पांढऱ्या वाइनसाठी मात्र द्राक्षे दाबून रस सालीपासून लगेच वेगळा करतात, त्यामुळे दीर्घकाळ टिकायचे तर आम्लावरच भिस्त ठेवावी लागते. हिरव्या सफरचंदाला आंबटपणा देणारे मॅलिक आम्ल पुष्कळ ठिकाणी जिवाणूंच्या साहाय्याने सौम्य लॅक्टिक आम्लात, म्हणजे दह्यातील आम्लात, बदलू दिले जाते आणि वाइन लवकर मऊ केली जाते. त्रिंबाख घराणे हे होऊ देत नाही. परिणामी त्यांची वाइन पहिली काही वर्षे फार कडक आणि अबोल लागते; तिला मोकळी व्हायला काळ द्यावा लागतो.

तो काळ देण्याचा खर्च कोणी करायचा, येथे घराण्याचा खरा संबंध येतो. द्राक्षतोडणीनंतरच्या वसंत ऋतूत ही वाइन बाटल्यांत भरतात आणि मग पाच वर्षे, कधी त्याहूनही अधिक काळ ती रिबोव्हिले येथील तळघरात ठेवून नंतरच बाजारात आणतात. म्हणजे तळघरात एकाच वेळी पाच-सहा हंगामांचे उत्पादन पडून असते आणि त्यावर एक पैसाही मिळालेला नसतो. दर वर्षी भागधारकांना नफा दाखवावा लागणाऱ्या कंपनीला हे जमणार नाही असे मी म्हणत नाही. पण मागच्या पिढीने साठवलेले विकायचे आणि आपण पिकवलेले पुढच्या पिढीसाठी ठेवायचे, ही सवय ज्या घरात रुजलेली असते तेथे ते अधिक सहज होते, असे माझे मत आहे. जुन्या वेलींचेही तसेच आहे. वेल म्हातारी होते तसे उत्पन्न घटते, आणि आपल्याकडे अशी बाग काढून नवी लावण्याकडे कल असतो. जुनी वेल राखणे हा निर्णय आजच्या हिशेबात बसत नाही, तो पुढच्या माणसाच्या हिशेबात बसतो.

या घराण्याला हा काळ काही शांततेत मिळालेला नाही. १८७१ मध्ये आल्सास जर्मनीकडे गेले, १९१८ मध्ये फ्रान्सकडे परतले, १९४० मध्ये पुन्हा जर्मनीच्या ताब्यात आले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस पुन्हा फ्रान्सचे झाले. क्लो सँत यूनचे नाव लावून या मळ्याची वाइन वेगळी भरण्यास प्रारंभ झाला तो १९१९ च्या हंगामापासून, म्हणजे पहिले महायुद्ध संपल्यावर लगेचच. सरकार, चलन आणि बाजारपेठ एका आयुष्यात अनेकदा बदलूनही ज्यांनी मळा विकला नाही, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो.

आता आपल्या प्रश्नाचा अवघड भाग. एका बाटलीला शंभर युरोंहून पुष्कळ अधिक पडतात, त्यातील एक मोठा वाटा दुर्मीळतेचा आहे, हे मान्य केले पाहिजे. आठ-नऊ हजार बाटल्यांमागे साऱ्या जगातील ग्राहक असतील, तर भाव चढणारच. किंमत दहापट आहे म्हणून आनंद दहापट मिळत नाही. ज्यांना या घराण्याची शैली जाणून घ्यायची आहे, त्यांनी त्यांच्या साध्या, पिवळ्या लेबलाच्या रीसलिंगपासून सुरुवात करावी; त्याच्या वरची पायरी ‘क्युव्हे फ्रेदेरिक एमिल’ ही आहे. ज्या फ्रेदेरिक एमिल त्रिंबाख यांचे नाव तिला दिले आहे, त्यांनी १८९८ मध्ये ब्रसेल्सच्या प्रदर्शनात या घराण्याच्या वाइनला सन्मान मिळवून दिला होता. तेच घर, तोच कोरडेपणा, म्हणजे गोडव्याचा अभाव, आणि तीच शिस्त त्या दोन्हींत पुरेशी दिसते. आपल्या मुलाने आणलेली बाटली मात्र कपाटात शोभेला ठेवू नका. ती नीट जपा आणि योग्य वेळी उघडा.

प्रश्न : आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. घरात तळघर नाही. अशा बाटलीला काही वर्षे सांभाळणे येथे शक्य आहे का?
— एक रेल्वे कर्मचारी, भुसावळ

उत्तर : खानदेशातील वाचकांसाठी हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण तीन-चारशे वर्षांच्या घराण्याने घेतलेली सारी काळजी आपल्याकडच्या एका उन्हाळ्यात वाया जाऊ शकते.

वाइन साठवण्यासाठी १२ ते १४ अंश सेल्सिअस तापमान उत्तम समजले जाते आणि ते शक्य तितके स्थिर असावे लागते. उष्णता वाढली की बाटलीतील रासायनिक क्रिया वेगाने होतात, ताज्या फळाचा आणि फुलांचा सुगंध प्रथम जातो, रंग गडद होतो आणि चव शिजवलेल्या फळासारखी बोजड होते. त्याशिवाय द्रव प्रसरण पावून बुचावर दाब देतो. रात्री गार झाल्यावर तो आकुंचन पावतो आणि सैल झालेल्या बुचाच्या कडेने हवा आत शिरते. दिवसा ४५ आणि पहाटे २८ असा फरक काही आठवडे रोज झाला, तर उत्तमातील उत्तम वाइनसुद्धा टिकणार नाही. बुचाच्या टोकाशी चिकट ओघळ दिसला किंवा बूच वर सरकलेले आढळले, तर बाटलीला ऊन लागले आहे असे समजावे.

म्हणून माळा, स्वयंपाकघराचा ओटा, टेरेसखालची खोली आणि दर्शनी काचेचे कपाट ही चार ठिकाणे कटाक्षाने टाळावीत. खेड्यावर जुने धाब्याचे घर असेल, तर त्याच्या जाड मातीच्या भिंतींमधील आतली खोली स्लॅबच्या घरापेक्षा निश्चितच थंड राहते आणि हिवाळ्यातले तीन-चार महिने तिथे बाटली आडवी ठेवायला हरकत नाही. परंतु चैत्र-वैशाखात तीही पुरेशी ठरत नाही. तोवर बाटली घरातील फ्रीजमध्ये, भाजीच्या कप्प्यात, कागदात गुंडाळून ठेवावी. फ्रीजची हवा कोरडी असल्याने वर्षानुवर्षे तेथे ठेवणे योग्य नाही, बूच सुकते. पण एक उन्हाळा काढण्यास हा मार्ग चांगला आहे. पाच-दहा वर्षे ठेवण्याचाच विचार असेल, तर वाइनसाठी मिळणारा तापमान-नियंत्रित छोटा फ्रीज घेण्यावाचून पर्याय नाही. काही तास वीज गेली तरी दार न उघडल्यास आतील तापमान फारसे वाढत नाही, तेव्हा भारनियमनाची भीती बाळगण्याचे कारण नाही.

प्रवासाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. मुंबई विमानतळावरून मोटारीने भुसावळला येताना डिकीत ठेवलेली बाटली सात-आठ तासांत जितकी बिघडेल, तितकी ती वर्षभर तळघरात बिघडणार नाही. उन्हाळ्यात बाटली रेल्वेच्या वातानुकूलित डब्यात स्वतःजवळ ठेवून आणावी. तीही सोय नसेल, तर आणण्याचे काम मार्गशीर्षापर्यंत लांबवावे.

प्रश्न : भावाने काही वर्षांपूर्वी दिलेली रीसलिंगची जुनी बाटली आम्ही उघडली, तेव्हा तिला चक्क घासलेटासारखा वास येत होता. शिवाय तळाशी काचेच्या चुऱ्यासारखे खडे होते. आम्ही ती मोरीत ओतून दिली. ती खराबच झाली होती ना?
— एक वाचक, धुळे

उत्तर : आपल्या वर्णनावरून ती खराब झाली नसावी, असे वाटते. आपल्याला वाईट वाटावे म्हणून हे लिहीत नाही, पुढच्या बाटलीच्या वेळी उपयोगी पडावे म्हणून लिहितो.

जुन्या रीसलिंगमध्ये तसा वास येणे हे या जातीचे प्रसिद्ध लक्षण आहे. द्राक्षात कॅरोटिनॉइड गटातील रंगद्रव्ये असतात, गाजराला रंग देणारी द्रव्येही त्याच गटातली. ती विघटित होऊन, बाटलीत वर्षे जातील तसतसे, टीडीएन या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे एक द्रव्य तयार होते आणि त्याचा वास खनिज तेलाकडे झुकतो. घडांवर ऊन अधिक पडले असेल तर ते अधिक तयार होते. मध, लिंबाची साल आणि ओला दगड यांच्या वासांमागे ही छटा हलकी असेल, तर जाणकार तिचे स्वागत करतात. ती इतकी प्रबळ असेल की दुसरे काही जाणवूच नये, तर मला स्वतःला ती आवडत नाही. तरी तो आवडीचा प्रश्न झाला, नासल्याचा नव्हे. पेला अर्धा तास तसाच ठेवून पुन्हा हुंगला असता, तर कदाचित मागील सुगंध वर आले असते.

तळाचे खडे टार्टारिक आम्लाच्या पोटॅशियम क्षाराचे असतात. द्राक्षात हे आम्ल नैसर्गिकरीत्या असते आणि वाइन थंड राहिली की त्याचे स्फटिक खाली बसतात. त्यांचा अपाय काहीच नाही. पेल्यात ओतताना शेवटचा घोट बाटलीत राहू द्यावा, एवढे पुरे. बिघाडाच्या खुणा निराळ्या असतात: ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बुचाचा दोष, शिरक्याचा वास आला तर हवेचा शिरकाव, आणि रंग तपकिरी होऊन चव सपाट झाली तर उष्णता किंवा अतिवय.

प्रश्न : आमच्या घरात कोणीही मद्य घेत नाही. जावयांच्या परदेशातील स्नेह्यांनी अशी महागडी बाटली भेट दिली आहे. तिचे काय करावे? स्वयंपाकात वापरता येईल का?
— एक गृहिणी, अमळनेर

उत्तर : भेट आली म्हणून ती प्यायलीच पाहिजे असे मुळीच नाही, आणि घरातील कोणालाही त्यासाठी आग्रह होऊ नये. स्वयंपाकात ती घालू नये. उकळताना तिचा सुगंध निघून जातो आणि आंबटपणा तेवढा उरतो, तो चिंचेने किंवा लिंबानेही मिळतो. ज्याला तिची गोडी आहे अशा परिचितास ती लवकर द्यावी. महाराष्ट्रात मद्य बाळगण्यास आणि पिण्यास परवाना लागतो, तो त्या परिचिताकडे आहे ना, हे विचारून घ्यावे.

प्रश्न : रीसलिंग म्हणजे गोड वाइन, असे मी ऐकून होतो. आपल्या लेखात ती कोरडी असल्याचे म्हटले होते. दोन्हींपैकी खरे काय?
— एक महाविद्यालयीन प्राध्यापक, नंदुरबार

उत्तर : दोन्ही खरे आहे. रसातील साखर यीस्टने पूर्ण संपवली तर वाइन कोरडी होते आणि किण्वन मध्येच थांबले किंवा साखर फारच जास्त असली तर गोडवा उरतो. जर्मनीच्या सार नदीच्या खोऱ्यात एगॉन म्युलर यांच्या घराण्याकडे १७९७ पासून शार्झहोफबेर्गच्या उतारावरील मळा आहे, आणि त्यांची कीर्ती मुख्यतः गोड रीसलिंगमुळे झाली. अगदी शेवटी तोडलेल्या द्राक्षांवर बोट्रायटिस बुरशी बसते, मण्यातील पाणी उडून जाते आणि साखर व आम्ल दोन्ही घट्ट होतात. तेवढेच मणी निवडून ती वाइन करतात. आल्सासमध्ये १६३९ पासूनच्या ह्युगेल घराण्याने अशा उशिराच्या तोडणीच्या वाइनसाठी नियम व्हावेत म्हणून पुढाकार घेतला आणि १९८४ मध्ये ते अमलात आले. त्रिंबाख घराण्याची ओळख मात्र कोरड्या शैलीची आहे, आणि क्लो सँत यून ही कोरडीच असते.

प्रश्न : माझी थोडी द्राक्षबाग आहे. रीसलिंगची रोपे मिळवून येथे लावली तर अशी वाइन तयार होईल का?
— एक बागायतदार, साक्री तालुका

उत्तर : वेल येईल, घडही लागतील, पण आल्सासची वाइन येणार नाही. आल्सास सुमारे ४८ अंश उत्तर अक्षांशावर आहे. व्होज पर्वताने पश्चिमेचे ढग अडवल्यामुळे, आपल्याकडे सह्याद्रीच्या पूर्वेला होते तसे, कोलमारच्या परिसरात पाऊस फार कमी पडतो. उन्हाळ्याचे दिवस लांब असतात पण रात्री गार राहतात, आणि द्राक्षे सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत सावकाश पिकतात. रात्री गार असल्या की मण्यातील मॅलिक आम्ल टिकून राहते. उबदार हवेत द्राक्ष ते श्वसनात खर्च करते. हिवाळ्यात वेल पूर्ण झोपते आणि वर्षातून एकच पीक देते.

आपल्याकडे वेलीला ती झोप मिळत नाही. म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करून आपण तिचे वर्ष आपल्या हवामानाला जुळवून घेतो, आणि वाइनची द्राक्षे जानेवारी ते मार्चच्या काळात तोडतो. फेब्रुवारीच्या अखेरीस ऊन चढू लागले की साखर झपाट्याने वाढते आणि आम्ल तितक्याच झपाट्याने उतरते, अशा वेळी रीसलिंगचे मुख्य बळ हातातून निसटते. जळगाव सुमारे २०० मीटर उंचीवर आहे, तर नाशिक सुमारे ६०० मीटरवर, आणि त्या उंचीमुळे नाशिकला हिवाळी रात्री अधिक गार मिळतात. तेथेही पांढऱ्या वाइनसाठी चांगले बस्तान बसले ते शेनां ब्लाँ आणि सोव्हिन्यों ब्लाँ या जातींचे. रीसलिंगचेही प्रयोग तेथे झाले आहेत.

आपण सह्याद्रीच्या जवळ असल्याने साक्रीच्या पश्चिम भागात उंची आणि गारवा जळगावपेक्षा बरा मिळेल, हे खरे. तरीही माझा सल्ला असा, की आधी शेनां ब्लाँचा विचार करावा. तिच्यात आम्ल मुळातच चांगले असते आणि आपल्याकडच्या हवेत ती टिकलेली आहे. पुण्याजवळ मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राकडून खुंट आणि जात यांविषयी माहिती घ्यावी. लागवडीआधी वाइनरीशी लेखी करार करावा, कारण वाइनची द्राक्षे खाण्याच्या बाजारात विकली जात नाहीत आणि करार नसेल तर सारा माल अंगावर पडतो.

प्रश्न : अशी वाइन कशाबरोबर घ्यावी? आमच्या घरी खानदेशी जेवणच होते, आणि ते सोडून पनीर-चीज मांडणे मनाला पटत नाही.
— एक वाचक, शहादा

उत्तर : ते सोडण्याची गरज नाही, निवड तेवढी करावी लागेल. शेवभाजी, काळ्या मसाल्याचे मटण आणि पाटवडीचा झणझणीत रस्सा यांच्यासमोर कोरडी रीसलिंग ठेवू नये. मद्यार्कामुळे तिखटाची आग वाढते आणि वाइनची चव त्यात पार बुडून जाते. वांग्याचे भरीत हे मधले प्रकरण आहे. भाजलेल्या वांग्याचा धूर, कांद्याची पात आणि शेंगदाण्याचे तेल यांना वाइनचा आंबटपणा फार छान उठाव देतो, परंतु त्यासाठी हिरव्या मिरच्या नेहमीच्या निम्म्याहून कमी घालाव्या लागतील. भरताच्या अभिमानी घरात हे सांगणे कठीण आहे, याची मला कल्पना आहे.

माझी पहिली पसंती वरण-बट्टीला आहे. तुपात बुडालेली बट्टी, साधे तुरीचे वरण आणि वर पिळलेले लिंबू या जेवणात तिखट थोडे आणि तूप भरपूर असते. कोरड्या रीसलिंगचे आम्ल तुपाचा जडपणा कापते, तोंड स्वच्छ करते आणि पुढचा घास पुन्हा पहिल्यासारखा लागतो. सोबतची घोटलेली वांग्याची भाजी सौम्य ठेवावी. जेवणाआधी ज्वारीच्या बिबड्या किंवा केळीचे खारे वेफर्स द्यावेत, मिठाने या वाइनमधील फळाची चव खुलते. मासे आवडत असतील तर तापीचा मासा हळद, मीठ आणि लिंबू लावून कमी तेलात परतावा, मसाल्याचे वाटण लावू नये.

बाटली १० ते १२ अंशांवर द्यावी. फ्रीजमधून काढल्यावर हिवाळ्यात वीस-पंचवीस मिनिटे आणि उन्हाळ्यात दहाच मिनिटे बाहेर ठेवली की ती तेवढी येते. फार थंड असली तर सुगंध दबून राहतो. पेल्यात बर्फ घालू नये, आणि पेला एक तृतीयांशच भरावा, म्हणजे तो रिकामा होईपर्यंत वाइन गरम होत नाही. उरलेल्या बाटलीला बूच घट्ट लावून ती फ्रीजमध्ये उभी ठेवावी. आम्ल चांगले असल्याने तीन दिवसांपर्यंत ती सहज टिकते, आणि क्लो सँत यूनसारखी कडक वाइन पुष्कळदा दुसऱ्या दिवशी पहिल्यापेक्षा अधिक मोकळी झालेली आढळते. म्हणून घरात दोघेच घेणारे असतील, तर एका रात्रीत बाटली संपवू नये, अर्धी दुसऱ्या दिवसाच्या जेवणासाठी राखावी.